खवा लागला त्या रविवारी

आता मला कोणी लिहायला बोलावत नाही, सांगायला बोलावतात. टीव्हीच्या मालिका लिहिण्यात माझी उमर गेली, तेव्हा हिला विचारलं तर काहीतरी हाती लागेल अशी नव्या पोरांची समजूत. गार हवेच्या खोलीत बसवतात, बिनसाखरेचा चहा देतात आणि विचारतात, मॅडम, पहिला भाग जमला हे ओळखायचं कसं? उत्तरं त्यांच्याकडं आधीच तयार असतात. सुरुवातीलाच काहीतरी घडलं पाहिजे, शेवटाला धक्का पाहिजे, माणसं झटपट ओळखीची झाली पाहिजेत. मी मान डोलावते. खोटं नाही त्यात काही. पण माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा भूमजवळचं आमचं घर असतं, मागच्या अंगणातली खव्याची भट्टी असते आणि कढईपुढं बसलेली माझी इंदूआत्या असते. खरं उत्तर तिच्यापाशी होतं. त्या खोलीत ते सांगायला गेले तर म्हातारी बरळायला लागली म्हणतील, म्हणून इथं लिहून ठेवते.

आमच्याकडं पाऊस बेताचा, त्यामुळं माणसं शेतापेक्षा म्हशींवर जास्त भरवसा ठेवायची. सकाळी उजाडता उजाडता आणि दुपार कलल्यावर अशा दोन वेळा गावातल्या बायका किटल्या, कळशा, झाकणाचे डबे घेऊन आमच्या अंगणात यायच्या. वडील, म्हणजे दादा, दूध मापून घ्यायचे आणि ते कढईत पडलं की पुढचं सगळं आत्याचं राज्य. बाभळीचं लाकूड, वर ही एवढी कढई आणि आत्याच्या हातात लांब दांड्याचं उलथनं. दूध आटेपर्यंत हात थांबवायचा नाही. उलथनं कढईच्या बुडावरून फिरताना खर्र-खर्र असा आवाज यायचा, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडं पिठाची गिरणी होती तिची घरघर. माझ्या लहानपणाचे आवाज कोणते विचाराल तर हे दोन. दुपारी आई शेंगांची चटणी, येसराची आमटी आणि भाकरी भट्टीजवळच आणून द्यायची, तीसुद्धा आत्या डाव्या हातानं उलथनं फिरवत उजव्या हातानं खायची. कढई उतरली की कडेला धरलेली खरवड आम्हा पोरांची. साखर टाकून ती खाताना जिभेला जी चव लागायची ती पुढं कुठल्याही मोठ्या हॉटेलात मिळाली नाही. आठवण आली की अजून तोंडाला पाणी सुटतं, या वयात, दातांची ही अवस्था असताना.

आत्याच्या कढईला कधी लागलं नाही, ही आमच्या घराची मिरवायची गोष्ट होती. खवा लागला म्हणजे करपला. बुडाशी जरा जरी दूध धरलं तरी अख्ख्या खव्याला जळका वास येतो आणि पेढेवाला तो हातात धरत नाही. दादा भूमला खवा घेऊन गेले की सांगायचे, आमच्या इंदूच्या हातचा आहे, डोळे झाकून घ्या. माणसं घ्यायचीही.

ही इंदूआत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. तिला उमरग्याकडच्या मुरूम गावी दिलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, मूलबाळ नव्हतं, आणि एका पंचमीला नवरा तिला माहेरी सोडून गेला. दिवाळीला न्यायला येतो म्हणाला. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. मी सांगतेय त्या वर्षी या गोष्टीला सात वर्षं झाली होती. आमच्यात रीत अशी की माहेरी आलेल्या लेकीला न्यायला सासरचं कोणीतरी यावं लागतं. नवरा, दीर, सासरा, गेलाबाजार चुलत दीर तरी. कोणी न्यायला आल्याशिवाय बाईनं आपण होऊन सासरची वाट धरायची नाही. तसं केलं तर तिची आणि माहेरची दोघांचीही शोभा. दादांनी दोन निरोप धाडले, उत्तर आलं नाही, मग त्यांनीही मान ताठ केली. आत्याची पत्र्याची ट्रंक कणगीमागं सरकवलेली होती. तिच्यावर सात वर्षांची धूळ होती, आणि ती पुसायची नाही असं जणू घरात ठरलं होतं. आत्या हसायची, आम्हाला रागवायची, बायकांची थट्टा करायची. पण मुरूमची गाडी, मुरूमचं कापड, मुरूमचा कोणी पाहुणा, असं नाव जरी निघालं तरी तिचं उलथनं जरा भरभर फिरायचं.

त्या वर्षी टीव्हीवर दर रविवारी सकाळी एक नवी मालिका लागणार अशी हवा झाली. आमच्या गावात टीव्ही नव्हता. भूमला ज्यांच्याकडं आमचा खवा जायचा त्या पेढेवाल्या काकांच्या घरी होता. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. दादांच्या मागं लागून पहिल्या रविवारी त्यांच्याबरोबर एसटीनं गेले. ते मला काकांच्या घरी सोडून पेंड आणायला गेले. निघताना दूध घालायला आलेल्या बायकांनी मला बजावलं होतं, "शोभे, नीट बघ गं. समदं सांगायचं आमाला, एक अक्षर गाळायचं न्हाय." मला तेवढंच पाहिजे होतं. मी बघायला नाही, सांगायला चालले होते.

मालिकेचं हिंदी नाव आमच्या गावात कोणी कधी घेतलं नाही. सगळ्या तिला टांगेवाली म्हणायच्या. सुरुवात मला आजही जशीच्या तशी आठवते. एक बाई भांडी घासतेय. घासता घासता थांबते. हाताची राख तशीच. मग उठते, हात धुते, खाटेखालून एक ट्रंक ओढते, पदरानं पुसते आणि तिच्यात दोन साड्या ठेवते. दारात तिची आई. आई विचारते, कोणी न्यायला आलंय का? ती म्हणते, नाही, मीच चालले. मग रेल्वे, मग टांगा, अनोळखी शहर, एक मोठं दार. ती कडी वाजवते. आत पावलं वाजतात, अडणा सरकल्याचा आवाज येतो, दार हलतं, आणि लाईट गेली. घरात जमलेल्या सगळ्यांनी एकदम हंबरडा फोडावा तसा आवाज केला. काकूंनी माझ्या हातावर एक पेढा ठेवला. तो आमच्याच खव्याचा होता. परतीच्या गाडीची वेळ झाली तरी लाईट आली नाही.

दुपारच्या दुधाला अंगण भरलं होतं. नेहमीपेक्षा जास्तच बायका. ज्यांची म्हैस आटलेली त्यासुद्धा रिकामी कळशी घेऊन आल्या होत्या. आत्या कढईपुढं, मी तिच्यासमोर उलट्या घमेल्यावर. मी सुरू केलं. भांडी, राख, ट्रंक, आई, रेल्वे. आपण सांगतोय आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ते दिसतंय, हे सुख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि या सुखानं मला आयुष्यभर नादी लावलं. मी दारापाशी आले. कडी वाजवली. पावलं वाजवली. लाईट गेली हे शब्द ओठांवर आले होते. पण ते सगळे चेहरे! एवढ्या बायकांना दारात उभं करून लाईट गेली म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवण्यासारखं होतं. मी म्हणाले, "दार उघडलं. उघडलं कुनी? तिच्या नवऱ्यानं. त्यानं तिच्या हातातली ट्रंक घेतली आन् म्हनला, आलीस? लई वाट बघाया लावलीस गं."

दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. आणि मग शेजारच्या पारूकाकू एकदम किंचाळल्या, "अगं बया, लागलं! इंदे, लागलं की गं!"

आत्याचा हात थांबला होता. कढईतून जळका वास आला, आणि आत्या उलथनं धरून कुठंतरी भलतीकडं बघत होती. दादा धावत आले. "इंदू, तुझ्या कढईला?" एवढंच म्हणाले. तो खवा कुठं धाडण्यासारखा नव्हता. साखर घालून तो सगळ्या बायकांना वाटला आणि दोन दिवस गावाला ढेकर जळके आले. बायकांनी आत्याची यथेच्छ चेष्टा केली. मी मात्र हवेत होते. जिच्या कढईला कधी लागलं नाही तिचा खवा माझ्या गोष्टीनं लागला होता, आणि तोही मी मनानं रचलेल्या शेवटानं. मूर्ख पोर होते मी.

त्या आठवड्यात आत्या रोज कढईशी मला बसवून घ्यायची. "ती कुनासंगं गेली म्हनालीस?"

"एकटीच."

"रेल्वेतबी?"

"रेल्वेतबी एकटीच."

"आन् आई आडवी आली न्हाय?"

"न्हाय. नुसती दारात हुबी ऱ्हायली."

पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न. गुरुवारी मी शाळेतून आले तर कणगीमागची ट्रंक अंगणात, आत्यानं राखेनं घासून पालथी घातलेली. आणि शनिवारी दादा जेवायला बसले असताना आत्या त्यांना वाढता वाढता म्हणाली, "दादा, म्या सोमवारी मुरूमला जाते."

दादांचा घास हातातच राहिला. "बोलावनं आलंय?"

"न्हाय."

"मंग कुनी न्यायला येनार हाय का?"

"न्हाय. म्याच चालले."

माझेच शब्द. म्हणजे टांगेवालीचे, पण या घरात ते मी आणले होते. दादांनी हातातला घास ताटात ठेवला. "इंदू, बोलावल्याबिगर गेलेल्या बाईला दारात हुबी करत न्हाईत. लोक हासतील. आन् तुला कुनी येडंवाकडं बोललं, तर मला इथं भाकर गोड लागंल का?" आत्या म्हणाली, "तुमी परवानगी देऊ नगा. फकस्त आडवं येऊ नगा." दादा हात धुऊन उठले. ते आडवे आले नाहीत.

रात्रभर मला एकच दिसत होतं. आत्या त्या दारात उभी आहे, कोणीतरी मी सांगितलेलं वाक्य म्हणेल म्हणून. ते वाक्य कोणीच म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार. टांगेवालीतला नवरा खरंच दारात असेल तर मी सुटले असते, म्हणून मी देवाला नवस बोलून भूमला गेले. टीव्ही लागला. दार उघडलं. आत एक म्हातारा गडी. तो म्हणाला, साहेब मागच्या महिन्यातच हे घर सोडून गेले. मग त्या म्हाताऱ्याचं खोकणं, मग शेजारच्यांची भांडणं, काय नि काय. खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, राग आला. केवढं सपक! माझं कितीतरी बरं होतं. भीती परतीच्या एसटीत वाटली.

अंगणात आत्या एकटी होती, बायका यायच्या होत्या. मी घमेल्यावर बसले नाही. उभ्यानंच बोलले. "आत्या, म्या खोटं सांगितलं. दार उघडायच्या आदीच लाईट गेली. नवरा न्हवता दारात. कुनीतरी म्हातारा गडी व्हता. तू जाऊ नगंस."

उलथनं थांबलं नाही. खर्र-खर्र. "मला ठावं हाय," आत्या म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी सकाळी इथं बसले व्हते की म्या. बार्शीची यष्टी वळली आन् लगीच गिरनी गप झाली. भूमची लाईन गेली का आपली जाती. मालिका तवाच कुटं चालू झाली असंल. म्हनलं आता पोरगी रिकामी येती. तर तू नवरा हुबा केलास दारात."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मंग खवा कसा लागला?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. "तुला ठावं व्हतं खोटं हाय, मंग?"

आत्या माझ्याकडं बघून हसली. माझ्या हातात तिनं उलथनं दिलं, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि बुडावरून फिरवायला लावलं. "वास तुमाला मागनं आला गं. खवा बुडाला आदी लागतो, वास वर याया येळ लागतो. तुज्या नवऱ्यानं न्हाय लागला. तिची आई इचारती, कुनी न्यायला आलंय का, आन् ती म्हनती, न्हाय, मीच चालले. तितं लागला. माजा हात तितंच थांबला व्हता. सात वर्सं झाली, शोभे, बाई अशी उठून जाती हे माज्या ध्यानातच आलं न्हवतं."

"पर दार कोन उघडंल?"

"तेच तर बघाया चालले."

सोमवारी पहिल्या गाडीनं ती गेली. ट्रंक नेली नाही; एक कापडी पिशवी आणि साखर घालून परतलेल्या खव्याचा डबा. धाराशिवला आम्ही तेव्हा उस्मानाबादच म्हणायचो, तिथं गाडी बदलायची आणि पुढं उमरग्यात पुन्हा बदलायची. जन्मात ती एकटी एसटीत बसली नव्हती. दादा थांब्यावर आले नाहीत, पण आदल्या दिवशी कंडक्टरला गाठून कुठं उतरवायचं, कुठल्या गाडीत बसवायचं, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. ते आम्हाला पुढं त्या कंडक्टरकडून कळलं. दोन दिवस कढई आईनं सांभाळली. गाडीचा हॉर्न वाजला की दादा उगाच अंगणात येऊन लाकडं रचायचे.

बुधवारी दुपारी आत्या आली. हातपाय धुतले, पदर खोचला आणि आईच्या हातातून उलथनं घेऊन कढईपुढं बसली. दादा भिंतीशी उभे. विचारायची हिंमत कोणाला होईना, तेव्हा मीच म्हणाले, "आत्या, दार?"

"उघडलं."

"कुनी?"

"पोरगी व्हती. पाच-सहा वर्साची असंल. येनी सुटलेली. म्हनली, बाप शेताला गेलाय, आई दळनाला गेली. पानी देऊ का?" कढईतल्या दुधाला उकळी येत होती, ती तिनं कडेनं मोडली. "पानी प्याले. डबा तिच्या हातात दिला. आन् तिची येनी घालून दिली. लई दाट केस हायेत. त्येच्यावानी."

दादा बाहेर गेले. आत्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात कामात होते. मीही रडले. मग तिनंच नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं, ते ऱ्हाऊ दे. टांगेवालीचं सांग. त्यो म्हातारा पुढं काय म्हनला?" मी सांगितलं. त्या दिवशी एक अक्षर पदरचं घातलं नाही. त्या दिवसापासून तिनं मुरूमचं नाव निघाल्यावर उलथनं भरभर फिरवलं नाही. ट्रंक तिनं मला दिली. तीन वर्षांनी मी शिकायला बाहेर पडले तेव्हा तीच नेली, आणि पुढं मुंबईला आले तेव्हाही तीच. मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच गेले होते.

भट्टी आज भाऊ चालवतो. आता कढई मोटारीवर फिरते, उलथनं आपोआप बुडाशी घासत राहतं. मोटारीला गोष्ट ऐकू येत नाही, त्यामुळं खवा कधी लागत नाही. आत्या जाऊनही बरीच वर्षं झाली. गावाला गेले की मी अंगणात बसते खरी, पण ते घमेलं नाही, त्या बायका नाहीत, आणि "एक अक्षर गाळायचं न्हाय" म्हणणारं कोणी नाही. मला ते अंगण पाहिजे असतं. इतकं पाहिजे असतं की कधीकधी उठून तडक भूमची गाडी धरावीशी वाटते, जणू तिथं ते सगळं अजून बसलेलं आहे.

एक फोन सांगायचा राहिला. मी लिहिलेली पहिली मालिका सुरू झाली तेव्हा आत्या होती, थकलेली, पण कढईपुढंच. भावानं भट्टीजवळ टीव्ही मांडला होता. पहिल्या भागाची मुंबईत वाहवा झाली. हार, मिठाई, काय विचारू नका. मी दुसऱ्या कोणाचं ऐकायच्या आधी घरी फोन लावला. भावानं तो आत्याच्या कानाला धरला.

"आत्या, बघितलास?"

"बघितला की."

"कसा झाला?"

"चांगला केलायस गं. लुगडी लई भारी हायेत समद्यांची. ती थोरली सून ग्वाड बोलती."

मी वाट बघितली. पलीकडून नुसती खर्र-खर्र येत होती. शेवटी मीच विचारलं, "आन् खवा?"

"खवा व्हय?" आत्या म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. "दुधावानी पांढरा उतरला बघ."